सामानाची यादी नंतर, आधी वडिलांशी बोलून घ्या: पन्नाशीपुढच्या टीमला एमटीबी स्टेज रेसमध्ये सपोर्ट करताना

नांदेडच्या एका भावानं विचारलंय की वडील (५६) आणि त्यांचे दोन मित्र (५३ आणि ६१) ऑक्टोबरमध्ये हिमाचलला सात दिवसांची एमटीबी (माउंटन बाइक) स्टेज रेस, म्हणजे रोज एक टप्पा अशी रेस, करायला जायलेत, सपोर्टला हा स्वतः आणि चुलतभाऊ, दोघांनी असलं काही आधी केलेलं नाही, तर सोबत काय काय न्यायचं त्याची यादी द्या आणि गाडी इथून न्यावी का तिथंच भाड्यानं घ्यावी ते सांगा.

माझं लातूरला सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि आमच्याकडच्या पन्नाशी-साठीच्या मंडळींसोबत पाच वेळा अशा रेसला सपोर्टला गेलोय, दोनदा टीम पूर्ण झाली, दोनदा एकजण गळाला आणि एकदा तिघंही घरी. त्यामुळं जे सांगतोय ते बरंचसं चुकांमधून आलेलं आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. आणि बऱ्याच गोष्टी रेसच्या नियमांवर, त्या वर्षीच्या हवेवर आणि मुख्य म्हणजे तुमच्या तिघांच्या तब्येतीवर आहेत, त्याला माझा इलाज नाही.

यादी मागितलीत ते बरोबरय, मीही पहिल्या वर्षी यादीच केली होती, चार पानी. तीन पेट्या स्पेअर नेले. दोन डिरेलर (गिअर बदलणारा भाग), सहा टायर, स्पोकचं अख्खं बंडल. आणि दुसऱ्या दिवशी आमचे एक सर, वय ५४, जंगलात पंक्चर काढत पाऊण तास बसून होते, कारण त्यांना ट्यूबमधलं भोक दिसेना. जवळचा चष्मा माझ्या गाडीत होता. आता मी प्रत्येकाच्या सॅडल बॅगेत टेपनं गुंडाळलेला शंभर-दीडशे रुपयांचा वाचायचा चष्मा टाकतो. सायकलच्या वरच्या दांड्यावर स्टेजचे चढ, फीड पॉइंट (वाटेतली खाण्यापाण्याची जागा) आणि कटऑफची वेळ (तोवर पोचलं नाही तर बाद) मार्करनं ठसठशीत अक्षरात लिहिलेली पट्टी चिकटवतो, कारण त्या जीपीएसच्या इवल्याशा स्क्रीनवरचं या वयात चालत्या सायकलवर काही वाचता येत नाही आणि कोणी कबूल पण करत नाही. तर तुम्ही सामान विचारायलाय, पण अडचण सामानाची नाहीच.

हिशोब करून बघा. या वयाची टीम एका स्टेजला साधारण सहा-सात तास सायकलवर असते. उरले सतरा-अठरा तास. पंचविशीतलं पोरगं त्या सतरा तासांत काहीही खाऊन, कसंही झोपून सकाळी उभं राहतं. पंचावन्नचा माणूस एका दिवसाची रेस त्या पोराच्या बरोबरीनं मारेल, आमच्यातल्या काहींनी मारलीय, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाय पुन्हा ताजे झालेले नसतात, चौथ्या दिवशी तर अजिबात नाहीत. आमचे जेवढे गळाले त्यातला एकच पडून गळाला, बाकी सगळे संध्याकाळच्या घोळामुळं. तुमच्या दोघांचं काम म्हणजे हे सतरा तास सांभाळणं.

तर स्टेज संपल्यापासून धरू. फिनिशला माणूस आला की पहिली गोष्ट, फोटो नाही, गप्पा नाही, ओले कपडे उतरवायचे. हिमाचलात ऑक्टोबरला उन्हात बरं वाटतं आणि ढग आला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. कोरडा बनियन, टोपी, लोकरी मोजे, खुर्ची. हो, खुर्ची न्याच, घडीची, हाताला टेकू असलेली. जमिनीवर बसलेला माणूस उठताना गुडघा धरतो. मग अर्ध्या तासाच्या आत काहीतरी खायला, आणि त्यात प्रोटीन असलंच पाहिजे, कारण वय वाढलं की स्नायू दुरुस्त करायला एका वेळेला जास्त प्रोटीन लागतं, किलोमागं ०.४ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २८ ग्रॅम. चार अंडी आणि ग्लासभर दूध झालं काम. शाकाहारी असतील तर पनीर, घट्ट वरण, दही. मग अंघोळ किंवा गरम पाण्यानं पुसून घेणं, सीटच्या जागेची तपासणी (लाजायचं नाही, वडील असले तरी विचारायचं, लाल झालंय का, लहान पोरांच्या रॅशला लावतात ती झिंक ऑक्साइडची क्रीम रोज रात्री), आणि पाय वर करून दोन तास आडवं. ह्या दोन तासांत सायकलला हात लावू द्यायचा नाही. सायकल धुणं, चेन, ब्रेक हे सगळं तुमचं. आमचे एक अण्णा रोज संध्याकाळी स्वतः सायकल पुसत बसायचे, दुसऱ्यानं केलेलं पटत नाही म्हणून, तासभर उकिडवं. पाचव्या दिवशी गुडघा धरला. आता मी सायकल घेऊन दुसरीकडं जातो, दिसूच देत नाही.

रात्री आठ-साडेआठला आडवे. तंबूत मुक्काम असेल तर लवकर जाऊन टॉयलेटच्या जवळचा तंबू धरा, हसू नका, या वयात रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि थंडीत शंभर पावलं चालून आलं की झोप मोडते ती मोडतेच. घोरणाऱ्याला वेगळा तंबू. इअरप्लग घ्या, डझनभर.

पाण्याचं आता. वय वाढलं की तहान कमी लागते, आणि थंड हवेत अजूनच कमी. आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीत सराव केलेला माणूस तिथं म्हणतो की मला घामच नाही आला. म्हणून मी वजनकाटा नेतो, घरगुती, सपाट जमिनीवर फळी टाकून त्यावर ठेवायचा. सकाळी स्टार्टच्या आधी आणि फिनिशला कोरडे कपडे घातल्यावर वजन, वहीत लिहायचं. किलोभर कमी म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. ७० किलोच्या माणसाचं दीड किलोपेक्षा जास्त घटलं तर झोपेपर्यंत ते हळूहळू भरून काढायचं, मीठ-पाण्यासकट. उलटंही बघा: सकाळपेक्षा वजन वाढलं असेल आणि माणूस गळल्यासारखा, डोकं दुखतंय म्हणतोय, तर त्यानं साधं पाणी फार ढोसलंय, रक्तातलं मीठ पातळ झालंय, त्याला आणखी पाणी पाजू नका आणि सरळ रेसच्या डॉक्टरकडं न्या. ओआरएसबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे अर्ध्या केळ्याएवढी ताकद. ते मीठ-पाण्यासाठी आहे, पोटाला नाही. सायकलवर तासाला ४०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, त्यासाठी खावंच लागतं.

आणि खाण्यातच आपली माणसं अडकतात. पहिले दोन दिवस जेल, बार, केळी, राजगिऱ्याचे लाडू, मजेत जातं. तिसऱ्या दिवसापासून गोड बघवत नाही. त्या वेळेला उकडलेला बटाटा मीठ-तिखट लावून, खारे शेंगदाणे, चिवडा, धपाट्याचे छोटे तुकडे, हे खिशात कागदात गुंडाळून. धपाटे घरून करून न्या, तेल जरा जास्त घालून, तीन-चार दिवस टिकतात, दशम्या पण. तिथं रोज राजमा-पराठा खाऊन चौथ्या दिवशी आपला माणूस भाकरीसाठी कासावीस होतो, मी जवारीचं पीठ आणि छोटा तवा नेतो. पण भाकरी रात्रीच. सकाळी नाही, चोथा जास्त, चढावर पोट धरतं. सकाळी मऊ भात, मेतकूट, तूप. कुकर नेत असाल तर उंचीवर डाळ-भाताला इथल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तासभर आधी उठा.

औषधं. इथं मी जरा कडक बोलतो. तिघांपैकी कोण बीपीची, शुगरची, रक्त पातळ व्हायची गोळी घेतं ते तुम्हाला माहितीय का? नसेल तर आजच विचारा, आणि आईला विचारा, वडील नीट सांगणार नाहीत. आमच्या टीममधले एक काका, ५७, बीपीची गोळी रोजची, त्यात पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी मिसळलेली असते तसली. तिसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणून स्वतःजवळची पेनकिलर घेतली, चौथ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ घेतली, मला पत्ता नाही. पाचव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद, पायाला सूज. जो डॉक्टर भेटला त्यानं मलाच झापलं, आणि बरोबर झापलं: अंगात पाणी कमी, बीपीची ती गोळी आणि वरून डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन जातीची पेनकिलर, हे तिन्ही एकत्र आलं की किडनीवर येतं. काका सुधारले, पण मी त्या रात्री झोपलो नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या गोळ्या माझ्याकडच्या डब्यात. दुखलं तर पॅरासिटामॉल, त्याच्यापुढचं काही असेल तर डॉक्टरला विचारून. शुगरवाले असतील तर निघायच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरकडं तुम्ही स्वतः सोबत जा आणि सांगा की हे रोज सहा तास सायकल चालवणार आहेत सात दिवस, गोळ्यांचं काय करायचं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर एवढा व्यायाम झाला की शुगर खाली जाते, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीचं वेगळंच गणित असतंय, ते डॉक्टरनंच ठरवायचं. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठी देतात ती ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नका, गोळी ठोके वर चढूच देत नाही, माणूस दमलेला आणि आकडा शांत. आणि तिघांचीही स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) झालेली नसेल तर ती आधी. तिकीट नंतर.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबण लावलं ते. तुम्ही मुलगा आहात. सहाव्या दिवशी वडील चक्कर आल्यासारखे दिसले तर "पप्पा, आता बस करा" हे कोण म्हणणार? तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील का? आपल्याकडं वडलांना थांबा म्हणायची पद्धतच नाही, आणि मित्रांसमोर तर ते उलट जोर करतील. मी परका असून मला ६० वर्षांच्या माणसानं ऐकवलंय, "तू मला शिकवायलास व्हय?" म्हणून हे घरीच, निघायच्या आधी, आईसमोर बसून कागदावर ठरवायचं. आम्ही दोन यादी करतो. पहिल्या यादीत चर्चा नाही: छातीत दुखणं किंवा दाब, नवीन धडधड, चक्कर, बोलण्यात घोळ, डोक्यावर पडणं (हेल्मेटला तडा गेला तरी), सरळ रेषेत चालता न येणं. यातलं एक जरी झालं तरी त्या दिवशीची रेस संपली, आणि निर्णय सपोर्टवाल्याचा. दुसरी यादी बोलून ठरवायची: गुडघा, पाठ, पोट, सीटची जखम, झोप न झालेली, सकाळचा नाडीचा ठोका नेहमीपेक्षा सात-दहानं जास्त, तोही सलग दोन दिवस (बीटा ब्लॉकर असेल तर इथंही हा आकडा सोडा). यात निर्णय रायडरचा, पण रात्री नाही, सकाळी नाश्त्यानंतर. रात्री दमलेला माणूस एक तर सगळं सोडून द्यायला बघतो नाहीतर खोटं बोलतो. कागदावर तिघांच्या सह्या. आमचे अण्णा सही करताना हसले होते, सहाव्या दिवशी तोच कागद दाखवल्यावर काही न बोलता गाडीत येऊन बसले. दोन तास माझ्याशी बोलले नाहीत, मग चहा मागितला.

आणि शक्य असेल तर अदलाबदल करा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिल्या यादीचा निर्णय चुलतभावानं द्यायचा, त्यांच्या मित्रांच्या बाबतीत तुम्ही. पुतण्याचं ऐकणं काकाला सोपं जातं, का ते मला पण माहीत नाही, पण जातं.

तिघांच्या वेगाचा विषय पण घरीच मिटवा. दक्षिण आफ्रिकेत केप एपिक नावाची आठ दिवसांची रेस २००४ पासून होते, जोडीनं चालवायची, तिथं दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड. तुमच्या रेसचा टीमचा नियम काय ते वाचा, पण नियम काहीही असो, चढावर ६१ वाले काका पुढं आणि ५३ वाले मागं. पुढं गेलेला तरुण माणूस वर थांबून थंड होतो आणि मागचा त्याला गाठायच्या नादात पार दमून जातो.

सायकलींचं थोडक्यात, कारण यावर माहिती भरपूर मिळते. आपल्याकडं उतार नाहीत ही खरी अडचण. तुळजापूरचा घाट म्हणा, येरमाळ्याचा म्हणा, माहूरकडचा म्हणा, उतरायला काही मिनिटं. तिकडं जलोडीसारखी खिंड, तीन हजार मीटरच्या वर, तिथून खाली एकसारखं उतरत राहायचं, आपल्या माणसाची बोटं आखडतात, ब्रेक धरूनच ठेवतो आणि पॅड जळतात. म्हणून ब्रेक लिव्हर आत घेऊन एका बोटात येईल अशी करा, पॅड मेटॅलिक, आणि प्रत्येक सायकलला किमान तीन जोड. पाऊस-चिखल झाला तर एका दिवसात एक जोड जातो. ब्रेकला मिनरल ऑइल लागतं का डॉट ऑइल ते आत्ताच बघून ठेवा, चुकीचं घातलं तर सील फुगतात आणि ब्रेकच संपला. डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) प्रत्येक फ्रेमचा वेगळा, दोन-दोन घ्या, तो रस्त्यात कुठंच मिळत नाही. निघायच्या आधी टायरमधलं सीलंट (बारीक पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव) नवीन भरा, आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत वाळून खडखडतं. चेन किती ताणलीय ते मापून ०.५ टक्क्याच्या पुढं असेल तर बदला, पण रेसच्या दोन आठवडे आधी, आदल्या रात्री नाही. धुताना प्रेशर पंप नको, बादली आणि ब्रश.

रस्त्यावर कुठं भेटायचं? रायडर जंगलाच्या वाटेनं जातो आणि तुम्ही गाडीनं डांबरी रस्त्यानं, वळसा घालून. तिथं ५० किलोमीटरला सहज दोन-अडीच तास लागतात, आपल्या नांदेड-लातूर रोडचा हिशोब लावू नका. मी एकदा लावला होता, पोचलो तेव्हा आमचा माणूस वीस मिनिटं आधी रिकामी बाटली घेऊन पुढं गेला होता. तेव्हापासून स्टेजला एकच जागा ठरवतो, शक्यतो सगळ्यात मोठ्या चढाच्या माथ्यावर किंवा त्याच्या जवळच्या फीड पॉइंटला, आणि तिथं तासभर आधी जाऊन बसतो. माथ्यावर द्यायचं काय, तर कोरडा बनियन, विंडचीटर, पूर्ण बोटांचे ग्लव्हज आणि थर्मासमधला गरम काळा चहा. घामेजलेला माणूस तसाच थंड हवेत उतारावर सोडला की खाली येईपर्यंत बोटं ब्रेकवर चालत नाहीत. मात्र नियमात ठरलेल्या जागेबाहेर मदत केली तर पेनल्टी बसू शकते, तेवढं ब्रीफिंगला (रेसवाल्यांच्या सूचनांच्या बैठकीत) विचारून घ्या.

प्रवास. तुम्हाला नांदेडहून सचखंड एक्सप्रेस बरी, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अंबाल्याला उतरायचं, तिथून गाडीनं शिमला. आम्ही परभणीहून बसतो. वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतं, स्वतःची ताटली-वाटी ठेवा. सायकली चाकं काढून, पॅडिंगच्या बॅगेत, आणि ब्रेक कॅलिपरमध्ये (पॅड बसतात त्या भागात) प्लॅस्टिकची पट्टी घालायला विसरू नका, नाहीतर कोणीतरी लिव्हर दाबतं आणि पिस्टन बाहेर. रेसच्या किमान चार दिवस आधी पोचा. आपण पाचशे मीटरवरची माणसं, शिमला बावीसशेच्या आसपास, आणि रेस त्याच्याही वर. त्या चार दिवसांत रोज तास-दीड तास आरामात चालवायची, जोर नाही.

गाडी तिथलीच घ्या, ड्रायव्हरसकट. इथून इतकी लांब गाडी चालवत नेली तर तुम्ही दोघं पहिल्या दिवशीच दमलेले असाल, आणि घाटातल्या अरुंद रस्त्याला समोरून बस आली की मागं घ्यायची सवय आपल्याला नाही. तिथल्या ड्रायव्हरला कुठला रस्ता बंद आहे, पंप कुठं आहे, रेंज कुठं येते हे माहिती असतं. वर कॅरिअर असलेली सात सीटर सांगा आणि मागची सीट काढायला लावा, तिथं आडवं झोपता येईल एवढी गादी टाका. १०८ तिकडंही चालतं, पण दरीत रेंज नसते, त्यामुळं रोज सकाळी ड्रायव्हरला विचारून त्या दिवसाच्या वाटेवरचं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि किती वेळाचं ते वहीत वजनांच्या पानावरच लिहून ठेवायचं.

स्ट्रेस टेस्टचं आणि गोळ्यांचं काय झालं ते इथंच कळवा, ब्रेक कुठल्या मॉडेलचे आहेत ते पण. मग तुमच्या सायकलींना नेमके कुठले पॅड आणि हँगर लागतील ते सांगतो.